मोसंबी प्लॅस्टिकची का दिसते?

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांना स्थिरचित्र हा प्रकार चांगला परिचयाचा असतो. टेबलावर कापड अंथरलेले असते, त्यावर एखादे भांडे आणि एक-दोन फळे मांडलेली असतात. समोर बसून ती जशी दिसतात तशी रंगवायची.

समजा, जालना जिल्ह्यातल्या एका शाळेत अशीच मांडणी केली आहे. खिडकीजवळ टेबल आहे, त्यावर पांढरा सुती पंचा. पंच्यावर एक पितळी तांब्या, पाण्याने अर्धा भरलेला काचेचा पेला, संक्रांतीला आणलेले मातीचे सुगड, एक अख्खी मोसंबी आणि एक अर्धी कापलेली मोसंबी. मोसंबी मुद्दामच निवडली आहे. ती या जिल्ह्याची ओळख आहे. बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्र आहे, आणि २०१६ साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळाले. इथल्या मुलांना मोसंबी कशी दिसते हे सांगावे लागत नाही.

एका विद्यार्थ्याने हे चित्र जलरंगांत काढले. दुसऱ्याने तेच दृश्य शाळेच्या संगणकावर तयार केले. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली, तेव्हा वर्गातून आवाज आला, "तांब्या ठीक आहे, पण ही मोसंबी प्लॅस्टिकची आहे!" सगळ्यांना ते पटले. मात्र ती प्लॅस्टिकची का वाटते, हे कोणालाच सांगता येईना. आकार बरोबर होता, रंगही पिवळसर हिरवाच होता. मग चुकले कुठे?

या एका प्रश्नाचा माग काढत गेलो, तर संगणकाने चित्र कसे तयार होते हे तर कळेलच, पण मोसंबीवर पडणाऱ्या उजेडाचे काय होते हेही कळेल. या दोन गोष्टी खरे तर एकच आहेत. संगणकाला मोसंबी ठाऊक नाही, उजेड ठाऊक नाही, सावलीही ठाऊक नाही. त्याला जे आकड्यांत सांगाल तेवढेच त्याला कळते. म्हणून चित्रातली प्रत्येक चूक ही आपण सांगायला विसरलेली एक गोष्ट असते.

दोरीने काढलेले चित्र

संगणक निघण्याच्या चारशे वर्षे आधीचे एक चित्र आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५२५ साली आपल्या भूमितीच्या पुस्तकात ते छापले. टेबलावर ल्यूट नावाचे तंतुवाद्य ठेवले आहे. समोरच्या भिंतीत एक खिळा आहे आणि त्यातून एक ताणलेली दोरी वाद्यापर्यंत गेली आहे. मध्ये एक रिकामी चौकट उभी केली आहे. दोरीचे टोक वाद्याच्या एका बिंदूवर टेकवायचे, दोरी चौकटीला कुठे छेदते ते पाहायचे आणि कागदावर तिथे टिंब द्यायचे. असे एकेक बिंदू घेत गेले की वाद्याचे हुबेहूब चित्र उमटते. भिंतीतला खिळा म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा, आणि दोरी म्हणजे वाद्याकडून डोळ्याकडे येणारा प्रकाशकिरण!

संगणक नेमके हेच करतो. पडदा म्हणजे ड्यूररची चौकट. ती बारीक चौकोनांत विभागलेली असते. या चौकोनांना चित्रबिंदू किंवा पिक्सेल म्हणतात. रुंदीत १,९२० आणि उंचीत १,०८० बिंदू असले, तर एकूण २०,७३,६०० बिंदू होतात. डोळ्यापासून प्रत्येक बिंदूतून एक काल्पनिक दोरी पुढे सोडायची, ती प्रथम कोणत्या वस्तूला लागते ते गणिताने काढायचे आणि त्या जागेचा रंग त्या बिंदूत भरायचा.

तुम्ही म्हणाल, प्रकाश तर सूर्याकडून वस्तूकडे आणि वस्तूकडून डोळ्याकडे येतो, मग दोरी उलटी का सोडायची? कारण सोपे आहे. खिडकीतून येणाऱ्या किरणांपैकी फारच थोडे किरण अखेरीस आपल्या डोळ्यात शिरतात. बाकीच्यांचा हिशेब करणे म्हणजे वेळ फुकट घालवणे. शिवाय किरणाचा मार्ग दोन्ही दिशांनी सारखाच असतो, हे तुम्ही प्रकाशाच्या पाठात शिकलाच आहात.

आकार सांगायचा कसा?

दोरी मोसंबीला कुठे लागते हे काढायचे, तर मोसंबी कुठे आहे आणि केवढी आहे हे आधी सांगितले पाहिजे. टेबलाचा एक कोपरा आरंभबिंदू धरा. तिथून लांबी, रुंदी आणि उंची अशा तीन अक्षांवर अंतरे मोजा. मोसंबीच्या दोन्ही बाजूंना दोन पुस्तके उभी टेकवून मधले अंतर पट्टीने मोजले की व्यास मिळतो. समजा तो ७ सेंटिमीटर आला. मग केंद्राचे तीन आकडे आणि त्रिज्येचा एक, अशा चार आकड्यांत गोल सांगून होतो. खरी मोसंबी मात्र अगदी गोल नसते. देठाकडून खालपर्यंतचा व्यास आडव्या व्यासापेक्षा थोडा निराळा भरतो. म्हणून दोन्ही व्यास मोजावेत.

तांब्यासाठी वेगळी युक्ती आहे. तांब्या मधोमध उभा कापला असता तर त्याची जी कडा दिसली असती, तेवढीच रेषा आलेखकागदावर काढायची. ती उभ्या अक्षाभोवती एक पूर्ण फेरा फिरवली की तांब्या तयार. कुंभाराच्या चाकावर मडक्याला गोलाई येते ती याच तत्त्वाने. सुगड आणि पेलाही याच रीतीने होतात. पेल्याला मात्र आतली आणि बाहेरची अशा दोन्ही कडा द्याव्या लागतात, कारण काचेला जाडी असते.

या कामाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना एक चहाची किटली आहे. अमेरिकेतील यूटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल हे संशोधक होते. संगणकावर चित्र करण्यासाठी त्यांना एखादी घरगुती वस्तू हवी होती. चहा घेता घेता त्यांच्या पत्नीने सुचवले, हा चहाचा संचच का घेत नाही? न्यूएल यांनी किटली समोर ठेवून आलेखकागदावर तिचे रेखाटन केले आणि बिंदूंचे आकडे संगणकाला दिले. हे १९७५ च्या सुमाराचे. बिंदूंमधून जाणाऱ्या वाकड्या पृष्ठभागांचे गणित फ्रान्समध्ये रेनॉ कंपनीत मोटारींचे आकार आखताना पियेर बेझिए यांनी वापरात आणले होते. न्यूएल यांनी ते आकडे इतरांनाही दिले. त्यामुळे नवी रीत शोधली की ती आधी या किटलीवर तपासून पाहायची, असा पुढे प्रघातच पडला. ती खरी किटली आज कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयात आहे.

उजेड किती पडतो?

आकार तर झाला. आता त्यावर उजेड. खिडकीकडे तोंड केलेला मोसंबीचा भाग उजळ असतो, आणि बाजूला सरकावे तसा तो मंद होत जातो. हा मंद होण्याचा नियम योहान लांबर्ट यांनी १७६० साली मांडला. पृष्ठभागाला लंब असलेली रेषा आणि प्रकाशाची दिशा यांच्यात जो कोन होतो, त्याच्या कोज्येच्या प्रमाणात उजेड पडतो. किरण सरळ पडले, म्हणजे कोन ०° असला, तर उजेड पूर्ण. कोन ६०° असला तर निम्मा, कारण ६०° ची कोज्या अर्धी असते. कोन ९०° झाला की उजेड शून्य. दुपारी तापणारी जमीन संध्याकाळच्या तिरप्या उन्हात का तापत नाही, त्याचेही हेच एक मोठे कारण.

हा एक नियम लावला की चपटे वर्तुळ एकदम गोल दिसू लागते. पण तो सर्वांना लागू पडत नाही. पौर्णिमेचा चंद्र आठवा. लांबर्टच्या नियमाने त्याच्या कडा पुष्कळ मंद दिसायला हव्यात. प्रत्यक्षात चंद्र थाळीसारखा दिसतो, मधोमध आणि कडेला जवळजवळ सारखाच उजळ. कारण त्याचा पृष्ठभाग खडबडीत आहे. खडबडीत पृष्ठभागावर असंख्य बारीक उतार असतात आणि त्यांतले काही कडेलाही प्रकाशाकडे तोंड करून असतात. अशा पृष्ठभागांसाठी मायकेल ओरेन आणि श्री नायर (यातले 'श्री' हे त्यांचे नावच आहे) यांनी १९९४ साली सुधारित सूत्र दिले. आपल्या मांडणीत हे सूत्र कोणाला लागेल? अर्थातच मातीच्या सुगडाला.

चकाकीचा रंग

तांब्यावर आणि मोसंबीवर एकेक चकाकता ठिपका दिसतो. तो दाखवण्याचे सोपे सूत्र बुई तुओंग फाँग या व्हिएतनाममध्ये जन्मलेल्या तरुण संशोधकाने यूटा विद्यापीठातच शोधले. त्यांचा प्रबंध १९७३ चा, आणि १९७५ साली, वयाच्या तिशीतच ते वारले. त्यांचे सूत्र इतके सुटसुटीत होते की ते सगळीकडे पसरले. पण त्याबरोबर एक तक्रारही आली. या रीतीने केलेली प्रत्येक वस्तू प्लॅस्टिकची दिसते!

ही तर आपल्या वर्गातलीच तक्रार झाली. तिचे उत्तर रॉबर्ट कुक आणि केनेथ टॉरन्स यांनी १९८२ साली दिले. प्लॅस्टिक म्हणजे पारदर्शक पदार्थात मिसळलेले रंगाचे कण. त्यावर पडलेल्या प्रकाशाचा थोडा भाग वरच्या वरच परत फिरतो. त्याला रंग लागत नाही, म्हणून चकाकी पांढरी दिसते. उरलेला भाग आत शिरतो, रंगाच्या कणांवर आपटतो आणि रंग घेऊन बाहेर पडतो. पांढरी चकाकी आणि खाली रंगीत अंग, हे प्लॅस्टिकचे लक्षण. धातूत मात्र प्रकाश आत शिरून परत येतच नाही. जो परततो तो पृष्ठभागावरूनच, आणि पितळेसारखा धातू त्याला आपला रंग देतो. म्हणून पितळी तांब्यावरची चकाकीसुद्धा पिवळी असते. विश्वास नसेल तर घरचा घासलेला तांब्या उन्हात धरून पहा.

संगणकावरच्या तांब्याची चकाकी पिवळी केली आणि तो लगेच सुधारला. मोसंबीचे मात्र अडलेलेच राहिले. कारण मोसंबीच्या सालीवरची चकाकी खरोखरच पांढरी असते. तेव्हा तिचा दोष दुसरीकडे आहे. तो शोधण्याआधी पेल्याकडे वळू.

पेल्यातले पाणी

काचेवर पडलेल्या दोरीला दोन फाटे फुटतात. एक परावर्तित होऊन मागे जातो, दुसरा वाकून आत शिरतो. वाकण्याला वक्रीभवन म्हणतात. तुमच्या आजच्या पुस्तकात याला अपवर्तन असा शब्द आहे. हवेतून ४५° च्या कोनात पाण्यावर पडलेला किरण पाण्यात सुमारे ३२° च्या कोनात जातो, कारण पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. प्रत्येक फाटा पुढे आणखी कशाला लागला, तर त्याचे पुन्हा दोन फाटे. या रीतीने दोरीचा शेवटपर्यंत पाठलाग करण्याची कृती टर्नर व्हिटेड यांनी १९८० साली प्रसिद्ध केली. त्यांचे चित्र म्हणजे चौकटीच्या फरशीवर तरंगणारे दोन गोल, पण त्या एका चित्राला तेव्हाच्या संगणकावर तासाहून अधिक वेळ लागला.

दोन फाट्यांत उजेडाची वाटणी कशी होते? काचेकडे सरळ पाहिले तर एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो आणि बाकीचा पार जातो. पाण्यावरून सुमारे २ टक्के. पण नजर जितकी तिरपी, तितके परावर्तन वाढते. अगदी पृष्ठभागालगत नजर गेली तर काच जवळजवळ आरशासारखी होते. म्हणूनच पेल्याच्या कडा ठळक आणि मधला भाग निर्मळ दिसतो. घराजवळ तळे किंवा विहीर असेल तर पहा. पायाशी तळ दिसतो, पण पलीकडच्या काठाला आकाश दिसते. हाच नियम मोसंबीच्या मेणचट सालीलाही लागतो आणि तिच्या कडेला एक अस्पष्ट उजळ किनार येते.

जालन्याचा सूर्य आणि खिडकीचा गज

दिवा कुठे ठेवायचा हेही आकड्यांतच सांगावे लागते. आपला दिवा सूर्य आहे. जालना सुमारे १९.८° उत्तर अक्षांशावर आहे. २१ मार्चच्या मध्यान्हीला तिथे सूर्याची उंची ९० वजा १९.८, म्हणजे सुमारे ७०° असते. २२ डिसेंबरला ती सुमारे ४७° पर्यंत खाली येते. २१ जूनला तर मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे गेलेला असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून डिसेंबरात ऊन टेबलावर येते, जूनच्या मध्यान्हीला येत नाही. २० सेंटिमीटर उंचीच्या तांब्याची मध्यान्हीची सावली २२ डिसेंबरला सुमारे १९ सेंटिमीटर भरेल, २१ मार्चला सुमारे ७. चित्रात सावली चुकली, तर ऋतूच चुकला!

सावलीची कडाही पाहण्यासारखी असते. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची रुंदी सुमारे अर्धा अंश आहे. त्यामुळे सावलीची कडा अंतराच्या सुमारे १०८ व्या भागाइतकी पसरते. मोसंबीची सावली तिच्या लगतच पडते, म्हणून तिची कडा एक मिलिमीटरच्या आतच पुसट होते. तीच सावली दोन मीटरवरच्या खिडकीच्या गजाची असेल, तर कडा जवळजवळ १.९ सेंटिमीटर पसरते. जालना शहर लोखंडी सळयांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्यातली १२ मिलिमीटरची सळई गज म्हणून बसवली, तर दोन मीटरवर तिची पूर्ण काळी सावली पडणारच नाही, फक्त फिकट पट्टा दिसेल. आपल्या विद्यार्थ्याने सर्व सावल्या सारख्याच धारदार काढल्या होत्या. वर्गाला हे शब्दांत सांगता आले नाही, पण चित्रात काहीतरी खटकत मात्र होते.

उसना उजेड

सावलीच्या आत काय दिसते? बहुतेक मुले सावली काळी रंगवतात. पण पंच्यावरची मोसंबीची सावली नीट निरखा. ती काळी नसते. खिडकीतल्या आकाशाचा उजेड तिच्यात येतो, भिंतीवरून परतलेला येतो, आणि मोसंबीच्या अगदी जवळ पंचा किंचित पिवळसर दिसतो. मोसंबीवर पडलेला प्रकाश तिचा रंग घेऊन शेजारच्या कापडावर जातो. उलट पंच्यावरचा पांढरा उजेड मोसंबीच्या पोटाला उजळवतो. वस्तू एकमेकींना उजेड उसना देत असतात.

या देवघेवीचा हिशेब अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी १९८४ साली करून दाखवला. त्यासाठी त्यांनी एक रंगीत भिंतींची पेटी वापरली होती. १९८६ साली जेम्स काजिया यांनी ही सगळी देवघेव एकाच समीकरणात बसवली. कोणत्याही बिंदूतून बाहेर पडणारा उजेड म्हणजे त्याचा स्वतःचा उजेड अधिक चारी दिशांनी आलेल्या उजेडापैकी परतलेला भाग. अडचण अशी, की चारी दिशांनी येणारा उजेडही दुसऱ्या बिंदूंतून बाहेर पडलेलाच असतो. म्हणजे उत्तर काढायला उत्तरच आधी हवे!

यावर उपाय म्हणजे नमुना घेणे. गोणीतले धान्य कसे आहे हे पाहायला आपण सगळी गोणी ओतत नाही, परखी खुपसून मूठभर दाणे काढतो. तसेच दोरी वस्तूला लागली की पुढची दिशा यदृच्छेने निवडायची, असे अनेकदा करायचे आणि सरासरी घ्यायची. नमुने थोडे असतील तर चित्रावर वाळू टाकल्यासारखे ठिपके दिसतात. नमुने चौपट केले तर ठिपके निम्मे होतात, शंभरपट केले तर दहावा हिस्सा उरतात. एका चित्रबिंदूला ५०० नमुने घेतले, तर आपल्या चित्रासाठी १०० कोटींहून अधिक दोऱ्या सोडाव्या लागतील, आणि प्रत्येक दोरी पुढे अनेकदा आपटेल ती वेगळीच.

सालीचे रहस्य

आता मोसंबीकडे परत येऊ. खरी मोसंबी हातात घ्या आणि तीन गोष्टी पहा.

पहिली गोष्ट, साल गुळगुळीत नसते. तिच्यात तेलाच्या बारीक ग्रंथी असतात आणि त्यामुळे पृष्ठभागावर असंख्य खळगे दिसतात. आपल्याकडच्या मोसंबीवर देठापासून खाली जाणाऱ्या पुसट उभ्या रेघा असतात, तळाशी एक वर्तुळाकार खूण असते. यामुळे चकाकी एका ठिपक्यात राहत नाही, फुटून लहान लहान तुकड्यांत विखुरते. प्रत्येक खळगा आकड्यांत सांगणे अवघड. जेम्स ब्लिन यांनी १९७८ साली यावर युक्ती काढली. पृष्ठभाग तसाच ठेवायचा, पण प्रत्येक जागची लंबरेषा थोडी थोडी कलती करायची. उजेडाचे सूत्र त्या रेषेवरच चालते, म्हणून खळगे नसताना खळग्यांचा भास होतो. ही लबाडी ओळखायची असेल तर वस्तूची बाह्यरेषा पहा. ती गुळगुळीतच राहिलेली असते.

दुसरी गोष्ट, प्रकाश सालीत आत शिरतो. अंधाऱ्या खोलीत अर्ध्या मोसंबीमागे विजेरी धरा. फोडी कंदिलासारख्या उजळतात. साल आणि तिच्या आतला पांढरा गर यांतही प्रकाश थोडा आत जातो, इकडेतिकडे आपटतो आणि शिरला तिथून जरा दूर बाहेर पडतो. त्यामुळे उजेड आणि सावली यांची हद्द मऊ होते. दूध, संगमरवर, मेण आणि आपली कातडी यांचेही असेच आहे. हेन्रिक यान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली या आतल्या प्रवासाचा हिशेब करण्याची सोपी रीत दिली.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोणतीच मोसंबी सर्वांगाने सारखी नसते. एका बाजूला हिरवी झाक, दुसऱ्या बाजूला पिवळी. कुठे फांदी घासल्याचा ओरखडा. कुठे कोळी किडीने सालीतला रस शोषल्यामुळे आलेला तपकिरी डाग, ज्याला आपले शेतकरी मंगू म्हणतात. मंगू आलेल्या फळाला बाजारात भाव कमी मिळतो, आतला रस चांगला असला तरी. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या कित्येक बागा वाळल्या, काहींवर कुऱ्हाड चालवावी लागली, आणि शेतकऱ्यांनी टँकरने पाणी घालून काही जगवल्या. फळाने काय सोसले ते त्याच्या सालीवर दिसते.

निष्कलंक, सर्वत्र एकाच रंगाची, पृष्ठभागावरच प्रकाश परतवणारी मोसंबी बागेत होत नाही, साच्यातच होते. म्हणून ती प्लॅस्टिकची दिसते! डागांसाठीही गणित आहे. केन पर्लिन यांनी १९८५ साली अनियमित पण सलग बदलणारे आकडे देणारी कृती प्रसिद्ध केली, तिने नैसर्गिक दिसणारे डाग पाडता येतात. पण कुठे किती डाग हे ठरवायला मात्र खरी मोसंबीच पाहावी लागते.

हे आपल्याला जमेल का?

१९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक सुरू झाला. आकृती दाखवणारा पडदाही त्याला होता. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची होती, एकेक शब्द ४० अंकस्थानांचा. आपले एक चित्र साठवायलाच त्याच्या सुमारे सहाशेपट जागा लागते. आज एवढी जागा साध्या संगणकात सहज मिळते. ब्लेंडर नावाची आज्ञावली मोफत उपलब्ध आहे. ती नेदरलँड्समधील टॉन रोसेंडाल यांनी सुरू केली. २००२ साली लोकवर्गणीतून एक लाख युरो जमवून ती सर्वांसाठी खुली करण्यात आली. वर सांगितलेले बहुतेक सारे नियम तिच्यात आयते आहेत. संगणक जुना असेल तर चित्र लहान घ्यावे, नमुने कमी घ्यावेत आणि रात्रभर यंत्र चालू ठेवावे, इतकेच.

अलीकडे एखादे वाक्य लिहिले की चित्र तयार करून देणारी यंत्रेही आली आहेत. ती असंख्य चित्रे पाहून त्यांसारखे चित्र बनवतात. त्यांत मोसंबीचा व्यास कोणी मोजलेला नसतो आणि सूर्याची उंचीही कोणी काढलेली नसते. अशा चित्रात दोन वस्तूंच्या सावल्या दोन दिशांना गेलेल्या आढळल्या, तर आता तुम्हाला ते ओळखता येईल. फसवे चित्र ओळखण्याची नजर आज प्रत्येकालाच हवी आहे.

आणि ती नजर येते कुठून? समोरच्या वस्तूकडे लक्षपूर्वक पाहण्यातून. जलरंगात काढणारा विद्यार्थी आणि संगणकावर काढणारा विद्यार्थी यांचा अभ्यास इथे एकच आहे. दोघांनाही आधी ती मोसंबी उचलून, फिरवून, उन्हात धरून पाहावी लागेल. आपल्या विद्यार्थ्याने तसे केले, सालीवर एक मंगूचा डाग दिला आणि पंच्यावर जराशी पिवळी झाक आणली, तर वर्गातून पुन्हा आवाज येईल. या वेळी तो विचारेल, "ही कोणाच्या बागेतली?"

करून पहा

१. पुठ्ठ्याच्या चौकटीवर उभे-आडवे दोरे ताणून समान चौकोन करा. एक डोळा मिटून, दुसरा एकाच जागी स्थिर ठेवून, पलीकडच्या तांब्याचा कोणता भाग कोणत्या चौकोनात दिसतो ते आलेखकागदावर नोंदवा.

२. अंधाऱ्या खोलीत खरी मोसंबी आणि प्लॅस्टिकचा तेवढाच चेंडू यांवर एकाच बाजूने विजेरीचा झोत टाका. उजेड आणि सावलीच्या हद्दीत काय फरक दिसतो ते लिहा.

३. खिडकीच्या गजाची सावली गजापासून ५० सेंटिमीटर, १ मीटर आणि २ मीटर अंतरावर कागदावर घ्या. कडेचा पुसट पट्टा किती रुंद होतो ते मोजा आणि अंतराला १०८ ने भागून आलेल्या उत्तराशी ताडून पहा.

४. दर महिन्याच्या २१ तारखेला तांब्याची मध्यान्हीची, म्हणजे दिवसातली सर्वांत आखूड, सावली मोजा. तिच्यावरून सूर्याची उंची काढा.

५. प्रश्न : काचेचा अपवर्तनांक १.५ धरल्यास ३०° च्या कोनात पडलेला किरण काचेत किती अंशांनी जाईल? चित्रावरचे ठिपके चौथा हिस्सा करायचे असतील तर नमुने कितीपट घ्यावे लागतील?

(उत्तरे : सुमारे १९.५°, १६ पट.)